एंजल्स विथ डर्टी फेसेस : शेवटाविषयीची प्रेक्षकमते

एंजल्स विथ डर्टी फेसेस : वॉर्नर ब्रदर्सचा अमेरिकन कृष्णधवल गँगस्टरपट. प्रदर्शन नोव्हेंबर १९३८, लांबी ९७ मिनिटे. दिग्दर्शन मायकल कर्टिझ, मूळ कथा रोलंड ब्राउन, पटकथा जॉन वेक्सली व वॉरन डफ, छायालेखन सॉल पोलिटो, संगीत मॅक्स स्टायनर. जेम्स कॅग्नी (रॉकी सलिव्हन), पॅट ओब्रायन (फादर जेरी कॉनली), हम्फ्री बोगार्ट (वकील फ्रेझियर) आणि अ‍ॅन शेरिडन (लॉरी) यांच्या प्रमुख भूमिका. रॉकी मरताना खरोखर घाबरला, की मित्राच्या शब्दाखातर त्याने घाबरल्याचे सोंग आणले, या प्रश्नावर प्रेक्षकांचे एकमत आजवर झालेले नाही.

न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतली दोन पोरे मालगाडीच्या डब्यात चोरी करायला शिरतात. पोलीस मागे लागतात. जेरी जास्त वेगाने पळतो म्हणून सुटतो. रॉकी सापडतो, मित्राला यात गुंतू देत नाही आणि सुधारगृहात जातो. पुढे जेरी त्याच वस्तीत धर्मगुरू होतो आणि रॉकी नामचीन गुंड. वस्तीतल्या पोरांना रॉकी म्हणजे देव वाटतो. जेरीने गुन्हेगारीविरुद्ध मोहीम उघडल्यावर फ्रेझियर आणि त्याचा जोडीदार कीफर जेरीचाच काटा काढायचे ठरवतात. ते कळताच रॉकी दोघांना गोळ्या घालतो, पकडला जातो आणि त्याला देहदंड होतो. शेवटच्या भेटीत जेरी त्याच्याकडे एक मागणे मागतो : विजेच्या खुर्चीकडे जाताना तू भेकडासारखा रड, म्हणजे ही पोरे तुझा द्वेष करतील आणि तुझ्या वाटेने जाणार नाहीत. माझ्याजवळ उरलेली एकच गोष्ट तू मागतो आहेस, असे म्हणून रॉकी नकार देतो.

पुढची काही मिनिटे हा साऱ्या वादाचा गाभा आहे. रॉकी ताठ मानेने चालतो. त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही. खोलीत शिरल्यावर मात्र एकाएकी त्याच्या किंकाळ्या ऐकू येतात. कर्टिझ आणि पोलिटो आता त्याचा चेहरा दाखवतच नाहीत. भिंतीवर झटापटीच्या सावल्या, लोखंडी नळीला घट्ट धरलेले हात आणि वर पाहणारा जेरीचा ओला चेहरा, एवढेच पडद्यावर उरते. निकाल देता येईल असा जो एकमेव पुरावा, तोच दिग्दर्शकाने प्रेक्षकाच्या नजरेआड ठेवला आहे. निर्णय कॅमेऱ्याच्या जागेनेच खुला ठेवणारी अशी दृश्ये त्या काळच्या हॉलिवूडमध्ये फार थोडी सापडतील.

सोंग मानणाऱ्यांचा पक्ष मोठा आहे. दारापर्यंत निर्विकार असलेला माणूस एका पावलात कोसळत नाही, हा त्यांचा पहिला मुद्दा. ज्याने लहानपणी जेरीला वाचवले आणि मोठेपणी त्याच्यासाठी दोन खून केले, तो शेवटचे मागणेही पुरवणारच, हा दुसरा. भीती खरी मानणारे रॉकीच्याच बोलण्याकडे बोट दाखवतात : घाबरायला काळीज लागते आणि आपले तर केव्हाच कापून काढले गेले, असे तो जेरीला सांगतो. ही फुशारकी खुर्ची दिसताच गळून पडली, असे हा पक्ष म्हणतो. या वाचनात रॉकी हुतात्मा उरत नाही, साधा माणूस होतो. कॅग्नीने १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की आपण ते दृश्य जाणूनबुजून संदिग्ध ठेवले, प्रेक्षकाने हवे ते घ्यावे. प्रस्तुत नोंदकाराला सोंगाचे वाचन अधिक पटते, कारण दुसऱ्या वाचनात जेरीची भेट कथेत निरुपयोगी ठरते.

या शेवटामागे सेन्सॉरशिपचाही हात आहे. १९३० साली हॉलिवूडने स्वीकारलेल्या निर्मितीसंहितेचा मसुदा डॅनियल लॉर्ड या जेझुइट धर्मगुरूने आणि मार्टिन क्विगली या कॅथलिक प्रकाशकाने तयार केला होता. १९३४ पासून जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती कडकपणे राबवली. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटता कामा नये, ही तिची अट. कॅग्नीच्याच ‘द पब्लिक एनिमी’ने (१९३१) संहितेचे राखणदार धास्तावले होते. ‘एंजल्स’मध्ये अट पाळल्यासारखी दिसते, पण ती पाळली जाते फक्त पडद्यावरच्या पोरांपुरती. तळघरात बसलेल्या त्या पोरांच्या हाती रॉकी भित्रा निघाला असे सांगणारे वर्तमानपत्र पडते. सभागृहातल्या प्रेक्षकाने मात्र तुरुंगातली भेट पाहिलेली असते, त्यामुळे ज्या क्षणी पोरे रॉकीला मनातून उतरवतात त्याच क्षणी प्रेक्षक त्याला डोक्यावर घेतो. संहितेला जे नको होते तेच संहितेच्या चौकटीत बसून घडले, आणि या चित्रपटाच्या टिकाऊपणाचे खरे कारण हेच आहे.

रॉकीइतकाच वाद जेरीवरही होतो, फक्त तो उशिरा सुरू होतो. सहसा दुसऱ्यांदा पाहणारे तो काढतात. मरणाऱ्या मित्राची अब्रू मागायचा त्याला काय अधिकार? पोरांपुढे तो वर्तमानपत्रातली बातमी खरी असल्याचे सांगतो. पाद्र्याने खोट्यावर सुधारणा उभारावी का? श्रद्धावान प्रेक्षकांना यात देवापुढे केलेला त्याग दिसतो. इतरांना जेरी निष्ठुर वाटतो. आपण पळालो आणि मित्र सापडला, हे ओझे जेरी शेवटपर्यंत वाहतो. ओब्रायनने ते शांतपणे, आवाज न चढवता दाखवले आहे. त्याच्या कामाला मिळालेली दाद फार अपुरी आहे.

तक्रारी ठरलेल्या आहेत. शेरिडनच्या वाट्याला फारसे काही नाही, बोगार्टचा वकील एकसुरी आहे. ‘डेड एंड किड्स’ या पोरांच्या संचाची दंगामस्ती, विशेषतः बास्केटबॉलचा प्रसंग, काहींना लांबलेली वाटते. तो प्रसंग मात्र आवश्यक आहे : जेरीला न जुमानणारी पोरे रॉकीच्या एका धपाट्यात सरळ होतात, आणि त्याच्या मरणाचे वजन किती असेल ते तिथे ठरते. कॅग्नीचे खांदे उडवणे सर्वांनाच आठवते. लहानपणी वस्तीत पाहिलेल्या एका माणसावरून ते त्याने उचलले होते. चित्रपटात ते मोजकेच आहे, नकलाकारांनी मात्र ते आयुष्यभर त्याच्या नावावर चिकटवले.

कॅग्नीला न्यूयॉर्कच्या समीक्षकमंडळाचा पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी अभिनेता, दिग्दर्शक आणि मूळ कथा अशी तीन नामांकने झाली. अभिनयाचे पारितोषिक ‘बॉइज टाउन’मध्ये मुलांना सुधारणारा पाद्री साकारणाऱ्या स्पेन्सर ट्रेसीला गेले. २०२४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ‘एंजल्स’चा समावेश झाला.

भारतीय प्रेक्षकांपर्यंत ही कथा मुख्यतः राजीव मेहरा दिग्दर्शित ‘राम जाने’ (१९९५) या हिंदी चित्रपटातून पोहोचली. मुंबईत घडणाऱ्या या रूपांतरात शाहरुख खानने रॉकीची जागा घेतली आणि विजेच्या खुर्चीऐवजी फाशी आली. ‘होम अलोन’मध्ये (१९९०) लहान मुलगा पाहतो तो कृष्णधवल गँगस्टरपट, ‘एंजल्स विथ फिल्दी सोल्स’, हा अनेकांना खराच जुना चित्रपट वाटतो. तो ‘होम अलोन’साठीच चित्रित केलेला तुकडा आहे, नाव तेवढे कर्टिझच्या चित्रपटावरून घेतले आहे.