खोपोलीचे पाणी, मुंबईचा उजेड

८ फेब्रुवारी १९१५ रोजी मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीचे टाटांचे वीजघर सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे अडवलेले पावसाचे पाणी नळांतून घाटाखाली सुमारे पाचशे मीटर सोडायचे, त्यावर चक्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना द्यायची, अशी ही योजना. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर आले. खोपोलीतून सुटलेले पाणी पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे उल्हास नदीला.

ही वीज मुंबईसाठी होती. त्याच डोंगरांतल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर दिवा लागायला पुढे कित्येक दशके जावी लागली. पाण्याची तऱ्हा तशीच. मे महिन्यात ओढ्याच्या पात्रात खणलेल्या डवऱ्यातून वाटी वाटीने हंडा भरायचा आणि जूनमध्ये तोच ओढा तांबडा होऊन वाहू लागला की जुलाब आणि कावीळ घरात यायची.

आता एलईडीच्या उजेडाने पाणी निर्जंतुक करण्याचे तंत्र आले आहे. आपल्या तालुक्यांच्या दृष्टीने त्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

उन्हाने जंतू मरतात हे १८७७ मध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी प्रयोगाने दाखवले. १९१० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पाऱ्याच्या दिव्याने नळाचे पाणी शुद्ध करून पाहिले गेले. टाटांची जलविद्युत कंपनीही त्याच वर्षी स्थापन झाली. हा दिवा अतिनील किरण सोडतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण जंतूंच्या डीएनएमध्ये असा बिघाड करतात की त्यांची वाढ थांबते. मात्र दिवा महाग आणि नाजूक. क्लोरीन स्वस्त होते, म्हणून जगाने क्लोरीन धरले. आपल्या ग्रामपंचायती अजून विहिरीत टीसीएल पावडर टाकतात ती याच परंपरेतली.

उजेडाकडे पुन्हा लक्ष वळवणाऱ्यांत एक नाव बैरूतचे आहे. तिथल्या अमेरिकन विद्यापीठातल्या अफ्तीम अक्रा यांनी १९८० च्या सुमारास जुलाबावर देण्याचे मीठ-साखरेचे पाणी उन्हात ठेवून निर्जंतुक करण्याचे प्रयोग केले. पारदर्शक बाटली, स्वच्छ पाणी आणि सहा तास कडक ऊन. खर्च जवळजवळ शून्य. पण कोकणात गंमत अशी की ज्या चार महिन्यांत पाणी सर्वांत घाण, त्याच चार महिन्यांत ऊन नाही.

दुसरे नाव मुंबईत जन्मलेल्या अशोक गाडगीळांचे. १९९२-९३ मध्ये कॉलऱ्याचा एक नवा प्रकार मद्रास, बंगाल आणि बांगलादेशात पसरला. अमेरिकेत बर्कली इथे काम करणाऱ्या गाडगीळांना त्याने अस्वस्थ केले. त्यांनी बनवलेल्या यंत्रात दिवा पाण्यात बुडवलेला नसतो, पाण्याच्या वर टांगलेला असतो. त्यामुळे त्यावर क्षारांचा थर बसत नाही. पाणी उतारानेच वाहते, पंप लागत नाही. जुन्या साध्या बल्बइतक्या विजेत मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी निघते. मला यातली दिवा वर टांगण्याची युक्ती सर्वांत आवडते, कारण तीत विकत घेण्यासारखे काहीच नाही.

पारा मात्र राहिला, आणि पारा विषारी. तिथे एलईडी उपयोगी पडते. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच जातीच्या स्फटिकात ॲल्युमिनियम मिसळले की २६५ ते २८० नॅनोमीटरचे जंतुनाशक किरण मिळतात. हा दिवा नखाएवढा असतो, कळ दाबताच पूर्ण तेजाने लागतो आणि बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालू शकतो. पावसात दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या वाडीला याचे महत्त्व सांगायला नको. अजून तो विजेच्या मानाने किरण कमी देतो आणि किंमतही जास्त आहे. बाजारातला जांभळा बल्ब म्हणजे हा दिवा नव्हे. खरा दिवा उघडा ठेवला तर डोळ्यांना इजा होते.

इथे मला इब्न अल-हैसम आठवतात. बसऱ्यात जन्मलेल्या या विद्वानाने हजार वर्षांपूर्वी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये प्रकाश सरळ रेषेत जातो हे प्रयोगांनी मांडले. (नाईलचे पाणी आवरण्यासाठी त्यांना इजिप्तला बोलावले होते, असे चरित्रकार सांगतात. ते काम काही जमले नाही.) सरळ जाणारा किरण वळून मातीच्या कणामागे पोचत नाही आणि त्या सावलीत जंतू सुरक्षित राहतो. म्हणून गढूळ पाण्यावर महागडा दिवाही वाया जातो. आधी पाणी गाळायलाच हवे. रिटा कोलवेल आणि अन्वर हक यांच्या गटाने बांगलादेशात जुन्या सुती साडीच्या निदान चार घड्यांतून पाणी गाळायला लावले, तेव्हा कॉलरा जवळपास निम्म्याने घटला. हा निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या आज्या हंड्याच्या तोंडाला फडके बांधायच्या, ते उगाच नव्हते.

अन्नाचेही तेच. किरण फळाच्या सालीवरचे जंतू मारतात, भाजीच्या पानांच्या घडीत किंवा मांसाच्या आत पोचत नाहीत. धुणे आणि शिजवणे सुटत नाही.

आपल्या लोकांत एक समज आहे की पाण्याचा रंग, चव आणि वास बदललेला नसला की झाले. फिक्हमध्ये ही चर्चा पाकीपुरती आहे. कोकणी मुसलमान शाफई मसलकचे, त्यामुळे ‘कुल्लतैन’, म्हणजे सुमारे दोनशे लिटर किंवा जास्त पाणी, या तीन गोष्टी बदलल्याशिवाय नापाक होत नाही हे आपल्याला लहानपणीच शिकवले जाते. वुजूसाठी ते पुरते. पिण्याचा प्रश्न वेगळा आहे, कारण कॉलऱ्याचा जंतू रंग, चव, वास यांपैकी काहीच बदलत नाही. आणि रसायनांवर हा दिवा चालत नाही. रसायनीजवळ पाताळगंगेच्या काठी राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शिवाय क्लोरीन पाण्यात काही काळ टिकून राहते, उजेड टिकत नाही. शुद्ध झालेले पाणी माठात ओतले आणि कुणी त्यात हात बुडवला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मशिदी-मदरशांत दिव्याचे यंत्र बसवायला देणगी मिळते. माठाशेजारी लांब दांड्याचे ओगराळे ठेवायला देणगी लागत नाही, पण ते ठेवलेले क्वचितच दिसते.