पिकल्या केसांवरचा पदर

 

आज आम्ही रंगांची गोष्ट सांगणार आहोत. त्याआधी आमची स्वतःची एक चूक कबूल करतो. महिला दिनासाठी आमच्या गटांनी साड्या घ्यायचं ठरवलं. तरुण सदस्यांना राणी रंग आणि ज्यांचे केस पिकलेत त्यांना बिस्किटी. दुकानदार म्हणाला, ‘वयस्कर बायकांना फिकाच रंग शोभतो.’ आम्ही मान डोलावली. गठ्ठा बांधून घेतला, बिल केलं, एसटीने गावी आलो.

वाटपाच्या दिवशी एका मावशींनी साडी मांडीवर घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, ‘‘पोरींनो, रंग कुणी ठरवला? मालक गेले तवापासून माझा रंग लोकंच ठरवत्यात. आता तुम्ही बी त्यातल्याच. मला इचारलं असतं तर मी डाळिंबी सांगितला असता.’’

आम्ही गप्प झालो. बचत कुणाची, तर मावशींची. साडी कुणी नेसायची, तर मावशींनी. आणि रंग मात्र आम्ही ठरवला! त्या रात्री आम्हाला प्रश्न पडला, की ‘केस पिकले की रंग फिका’ हे आलं तरी कुठून? मग जाणत्या बायकांना विचारलं, पुस्तकं चाळली. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आपापली आजी डोळ्यांपुढे आणा. रानात खुरपायला जाणारी, डोईवर पाटी घेणारी. तिचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं? बहुतेकींना गर्द हिरवं, निळं, काळपट तांबडं असंच आठवेल. मातीत काम करणाऱ्या बाईला फिका रंग परवडतच नव्हता. तरुणपणी जे गर्द लुगडं, तेच म्हातारपणी. इरकली लुगडं बघा. अंग गडद, काठ ठसठशीत आणि पदर लाल-पांढरा. असला पदर पांढऱ्या केसांवर घेतला की चेहरा कसा उजळून दिसतो! म्हणजे कष्टकरी घरात म्हातारपण आणि फिका रंग यांची गाठ पूर्वापार बांधलेली नव्हती.

दुसरी गोष्ट रंगाऱ्याची. पूर्वी रंग झाडापाल्यातून निघायचे. निळा निळीच्या पाल्यातून, तांबडा मंजिष्ठेच्या किंवा आलाच्या मुळातून, पिवळा हळदीतून, गुलाबी-केशरी करडईच्या फुलांतून. त्यांतला निळा आणि तांबडा धुण्यात टिकायचा. हळद आणि करडईचा रंग उन्हात आणि पाण्यात उडायचा. म्हणून रोजच्या वापराला गडद रंग आणि सणासुदीला नाजूक रंग, अशी वाटणी सोयीची होती.

मग 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा मुलगा हिवतापाचं औषध करायला गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. कारखान्यात रंग करायची ती सुरुवात. 1868 मध्ये जर्मनीत मंजिष्ठेच्या जातीच्या मुळातला तांबडा रंग रसायनातून तयार झाला. 1897 पासून कारखान्यातली नीळ बाजारात आली. त्यानंतर हळूहळू हवा तो रंग स्वस्तात मिळू लागला. आज दुकानात शंभर छटा आहेत. तरी आपल्या मावशींसमोर दुकानदार तीनच ठेवतो. बिस्किटी, राखी आणि फिका निळा. रंग वाढले, पण निवड काही वाढली नाही.

याचं कारण तिसऱ्या गोष्टीत आहे, आणि ती सांगताना जीव जड होतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्राह्मण आणि काही वरच्या जातींतल्या घरांत नवरा गेला की बाईचे केस काढत. त्याला केशवपन म्हणत. मग तिने आयुष्यभर आलवण नेसायचं. ते आलवण पुष्कळदा तांबडं असे. काही घरांत पांढरं वस्त्र असे. इतर अनेक जातींत पाट किंवा मोहतूर लावून दुसरं लग्न होई. पण तिथेही कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं सुटलं नव्हतं.

आता जरा थांबून विचार करा. नवरीच्या कपाळाचं कुंकू तांबडं आणि विधवेचं आलवणही तांबडंच. काळा रंग अशुभ म्हणतो, पण संक्रांतीला सवाशीण काळी चंद्रकळा मिरवते आणि गळ्यात काळे मणी घालते. मग शुभ-अशुभ रंगात होतं कुठे? ते माणसांनी ठरवलं. एका ठिकाणी तांबड्याला मान दिला, दुसऱ्या ठिकाणी त्याच तांबड्याने बाईला कोपऱ्यात बसवलं. माणसांनी ठरवलेलं माणसांना बदलताही येतं.

आणि ते बदललं. पर्किनला जांभळा रंग सापडला त्याच 1856 साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. पण कायद्याने मन लगेच बदलत नाही. 1882 साली ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहून सरळ विचारलं, की बायको गेली तर पुरुषाला काहीच बंधन नाही, मग बाईलाच का? 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधवांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला!

1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या. त्यांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले यांनाही लहान वयात वैधव्य आलं आणि केशवपन झालं. हिंगण्याच्या आश्रमासाठी त्या गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या. पुढे त्यांनी स्वतःच ठरवून वस्तरा थांबवला आणि केस राखले. ‘माझी कहाणी’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली हकिगत लिहिली आहे.

मैत्रिणींनो, आज आपल्या डोक्यावर पांढरे का होईना, केस आहेत. त्यामागे एवढ्या माणसांचं धाडस आहे. म्हणून पिकल्या केसांना आम्ही कमीपणा मानत नाही.

अलीकडची गोष्ट तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. मग साडीचा रंग तरी का पुसायचा?

आता कामाचं सांगतो. केसांना काळा रंग देणारं द्रव्य वयाबरोबर कमी होतं, म्हणून केस पांढरे होतात. काळ्या केसांमुळे चेहऱ्याला एक गडद चौकट असते. ती गेली की चेहरा फिका वाटतो. त्यात वरून राखी किंवा बिस्किटी पदर घेतला तर केस, चेहरा आणि पदर सगळं एकात एक मिसळतं. बाई आजारी दिसते. म्हणून गेलेली चौकट पदराने परत आणायची.

गव्हाळ आणि सावळ्या रंगाला डाळिंबी, वांगी, गर्द हिरवा, मोरपंखी, चिंतामणी निळा हे चांगले उठून दिसतात. केस पांढरेशुभ्र असतील तर जांभळा आणि राणी रंगही खुलतो. केसांवर पिवळट झाक असेल तर चुन्यासारखा पांढरा पदर टाळा, कारण त्यापुढे केस आणखी पिवळे वाटतात. मोतिया चालेल. फिका रंग मनापासून आवडत असेल तर जरूर घ्या. फक्त काठ आणि पदर ठसठशीत बघा किंवा झंपर गडद खणाचा शिवा. खणाचा एक झंपर चार साड्यांवर जातो, खर्चही वाचतो.

एक सोपी परीक्षा आहे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. साडी दारात उजेडात आणा, पदर डोक्यावर घ्या आणि आरशात बघा. आधी डोळे आणि चेहरा दिसला तर रंग तुमचा. आधी नुसती साडीच दिसली तर दुसरी मागा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या, पैसे आपले आहेत.

आमच्या गटात आता ठराव झालाय. एकसारख्या साड्या घ्यायच्या झाल्या तर आधी प्रत्येकीला रंग विचारायचा आणि तो वहीत तिच्या नावापुढे लिहायचा. कुणी विधवा आहे की सवाशीण, तरुण आहे की म्हातारी, असा रकाना त्या वहीत नाही.

मावशींची बिस्किटी साडी आम्ही परत केली. वर थोडे पैसे घालावे लागले. पुढच्या मासिक बैठकीला मावशी डाळिंबी साडी नेसून आल्या. पांढऱ्या केसांवर पदर घेतला आणि आमच्याकडे बघत म्हणाल्या, ‘‘सही कुठं करायची, ते सांगा.’’

तुमच्या गटातही येत्या बैठकीत एवढंच विचारा, ‘मावशी, तुम्हाला कोणता रंग आवडतो?’ उत्तर यायला वेळ लागेल. कित्येक वर्षांत कुणी विचारलेलंच नसतं. पण थांबा, उत्तर येईल.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.