ग्रीक चांदीची नाणी व राजप्रतिमा
ग्रीक नगरराज्यांच्या चांदीच्या नाण्यांवर देवता व त्यांची चिन्हे असत. हयात माणसाचा चेहरा सहसा नसे. अलेक्झांडरच्या (इ. स. पू. ३३६–३२३) सुमारे १७ ग्रॅमच्या चतुर्द्रम्म नाण्यावरही सिंहचर्मधारी हेराक्लीझ आणि मागे आसनस्थ झ्यूसच दिसतो. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याचा सेनापती लायसिमाकस याने त्याला आमोन देवाचे मेंढ्याचे शिंग देऊन नाण्यावर आणले. ईजिप्तच्या पहिल्या टॉलेमीने तर राजपदाची फीत बांधलेली स्वतःचीच प्रतिमा उमटवली. चेहऱ्याच्या जिवंतपणात मध्य आशियातील बॅक्ट्रियाच्या ग्रीक राजांची नाणी सर्वांत सरस. गजमस्तकाचे शिरस्त्राण घातलेला पहिला डीमीट्रिअस त्याची साक्ष देतो. इंडो-ग्रीक राजा मिनँडरच्या नाण्यांवर ग्रीकसोबत खरोष्ठी लिपीतील लेख आहे. याच परंपरेतील क्षत्रप राजा नहपानाची हजारो नाणी १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता.