चित्रपटाचं नाव सांगू नका!

रेडिओवर जुनं गाणं लागायच्या आधी निवेदक एक यादी वाचतो. चित्रपट अमुक, गायिका अमुक, संगीतकार अमुक, गीतकार अमुक. आपण ती या कानानं ऐकतो आणि त्या कानानं सोडून देतो, कारण लक्ष सगळं गाण्याकडे. पण ही यादी काही आपोआप तयार झालेली नाही. तिच्यातल्या नावांवरून चांगलीच भांडणं झाली आहेत, आणि ती भांडणं बघितली की गाणं सिनेमाची जाहिरात करतं की सिनेमा गाण्याची, याचा हिशोब जरा स्पष्ट होतो.

सुरुवात १९४९ पासून करू. त्या वर्षी 'महल' आला. त्यातलं लताबाईंचं गाणं तुफान गाजलं, पण रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे पडद्यावरच्या मधुबालाच्या पात्राचं नाव! निर्मात्याच्या दृष्टीनं गाणं हा सिनेमाचा तुकडा, मग आवाजही त्या पात्राचाच. पण गाणं रेडिओवर लागलं आणि 'ही गाणारी कोण?' म्हणून श्रोत्यांची पत्रं यायला लागली. शेवटी रेडिओनं रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी करून खरं नाव सांगितलं. श्रोत्याला सिनेमापलीकडचं गाणं हवं होतं, हे तेव्हा दिसलं.

तीनच वर्षांनी नेमकं उलटं झालं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सिनेसंगीत त्यांना उथळ वाटायचं. ऑल इंडिया रेडिओवरचा त्याचा वाटा कमी झाला, आणि वर आणखी एक फतवा निघाला: गायकाचं नाव सांगा, चित्रपटाचं नको. कारण? ती फुकटची जाहिरात होते.

तर्क अगदीच चुकीचा नव्हता हं. तेव्हा ऑल इंडिया रेडिओ जाहिराती घेतच नसे, मग एका धंद्यालाच फुकट का द्यायची? पण निर्मात्यांचंही ऐका. रेकॉर्ड विकून मिळणारा पैसा त्यांच्यासाठी दुय्यम होता, खरी कमाई तिकीटखिडकीवर. गाणं ऐकून माणूस थिएटरकडे वळायचा तर त्याला सिनेमाचं नाव कळायला नको? नाव नाही तर गाणंही नाही, म्हणत त्यांच्या संघटनेनं गाणी वाजवायचे परवानेच काढून घेतले. काही महिन्यांतच देशाच्या रेडिओवरून हिंदी सिनेसंगीत जवळपास गायब!

आमच्या धंद्यात एक पोर्ट बंद केला की ट्रॅफिक दुसरीकडून वाट काढतो. इथंही तेच झालं. तेव्हाच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेला ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा चालायचीच मुळी जाहिरातींवर. डिसेंबर १९५२ मध्ये तिथं एका टूथपेस्टच्या पैशांवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत रेकॉर्डिंग करायचे, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून बुधवारी रात्री ८ वाजता सगळ्या भारतात ऐकू यायची.

गंमत पुढेच आहे. सुरुवातीला ही स्पर्धा होती. सात गाणी उलटसुलट वाजवायची आणि श्रोत्यांनी ती कालक्रमानं लावून पाठवायची, बक्षीस १०० रुपये. म्हणजे गाणं कधीचं, कुठल्या सिनेमातलं, हे माहीत हवं. दिल्लीत जे सांगायची बंदी, कोलंबोत नेमकं तेच ठाऊक असणाऱ्याला बक्षीस! पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रं आली, असं सयानी सांगायचे. पुढे रेकॉर्डची विक्री आणि श्रोता संघांची पसंती बघून गाण्यांना क्रमांक, म्हणजे त्यांच्या भाषेत 'पायदान', मिळायला लागलं. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते 'अनारकली'चं गाणं. गायिका लता मंगेशकर, संगीतकार सी. रामचंद्र.

३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून सरकारनं सिनेसंगीताला पुन्हा दार उघडलं. १९६७ मध्ये तिच्यावर जाहिरातीही आल्या.

मग कॅसेटच्या जमान्यात पारडं फिरलं. १९९० मध्ये 'आशिकी' आला. नायक-नायिका नवखे, आणि पोस्टरवर तर त्यांचे चेहरे कोटाखाली झाकलेले! लोकांना ओळखीची होती ती गाणी. पैसा लावणारे गुलशन कुमार मुळात कॅसेटवाले. सिनेमा चालला तर उत्तमच, पण त्यानं आधी कॅसेट खपवायची होती.

यात एक नाव कायम मागे राहिलं, गाणं लिहिणाऱ्याचं. संगीतकाराचंही तसंच. १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, निर्मात्यानं पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. रेडिओवर, समारंभात गाणं किती का वाजेना, लिहिणाऱ्याचा हिशोब पहिल्या मानधनालाच मिटलेला. जावेद अख्तर वगैरेंच्या रेट्यामुळे २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, आणि थिएटरबाहेर गाणं वाजलं तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा असा हक्क मिळाला, जो करारात लिहूनही काढून घेता येत नाही.

थोडक्यात काय, सिनेमानं गाणं विकलं आणि गाण्यानं सिनेमा, यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत. पण या देवघेवीत नाव ज्याचं घेतलं जातं, पैसा त्याच्याकडे जातो. केसकरांना नावात फक्त जाहिरात दिसली. तो हक्काचा पुरावाही असतो. आज ॲपवर सिनेमाचं गाणं लावलं की चौकोनात पोस्टर दिसतं, खाली गायकाचं नाव. गीतकार शोधायला मात्र बऱ्याचदा आत जावं लागतं. रेडिओच्या निवेदकाला त्यासाठी फार तर दोन सेकंद लागायचे.