भिंतीतल्या सॉकेटपासून गाडीच्या बॅटरीपर्यंत: फिरत्या हॅम स्टेशनची गोष्ट

आजचा भाग हॅम रेडिओवर आहे. पण घरातल्या नाही, गाडीतल्या. ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं नीट करून इथे देतोय.

प्रश्न साधा आहे. रेडिओच्या स्पर्धेत जिंकायचं तर घरी उंच टॉवर उभारावा, मोठा सेट घ्यावा. मग काही लोक गाडीच्या मागे जेमतेम अडीच-तीन मीटरची काठी लावून दिवसभर गावोगाव का फिरतात? आणि त्यांच्याशी बोलायला रांग का लागते?

आधी थोडं मागे जाऊ. १९१४ साली अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम आणि क्लॅरेन्स टस्का यांनी अमेरिकन रेडिओ रिले लीग, म्हणजे एआरआरएल सुरू केली. नावातला 'रिले' महत्त्वाचा. मॅक्सिम राहायचे हार्टफर्डला. तिथून जवळच्याच स्प्रिंगफील्डपर्यंत त्यांचा सिग्नल पोचेना, तेव्हा वाटेतल्या एका हौशी ऑपरेटरने त्यांचा निरोप पुढे दिला. त्यातूनच ही कल्पना निघाली. पुढे १९२७ मध्ये 'इंटरनॅशनल रिले पार्टी' नावाची स्पर्धा झाली. ठरलेल्या काळात दूरदूरच्या जास्तीत जास्त लोकांशी संपर्क करायचा, असा हा खेळ.

आता यात एक गोम आहे. अशा स्पर्धेत बक्षीस मिळतं ते घरच्या स्टेशनला. त्या काळचे सेट व्हॅक्यूम ट्यूबचे, त्यांना शेकडो व्होल्ट लागायचे, आणि ते यायचे घरच्या विजेवरून. म्हणजे ज्या दिवशी पूर येईल, तारा तुटतील, त्याच दिवशी हे सगळं बंद! मग संकटात उपयोगी पडणार कोण?

याला उत्तर म्हणून जून १९३३ मध्ये एआरआरएलने पहिला 'फील्ड डे' घेतला. यामागे एड हँडी यांची कल्पना होती. स्टेशन उचला, उघड्यावर न्या, तिथून चालवून दाखवा. गंमत म्हणजे ही स्पर्धा नाहीच, हा सराव आहे, असं एआरआरएल आजही सांगते. पण गुण तर मोजले जातात. आजच्या नियमांत तर ५ वॉट किंवा त्याहून कमी शक्तीवर आणि बॅटरी किंवा सोलरवर चालणाऱ्या स्टेशनचे संपर्कांचे गुण पाचपट होतात. चालत्या गाडीतल्या स्टेशनला वेगळा वर्गही आहे. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला यात सिस्टिम डिझाइन दिसतं. लोकांना भाषण देऊन काही होत नाही, गुण कशाला मिळतात ते बदला, लोक आपोआप बदलतात.

आता गाडीत स्टेशन बसवणं म्हणजे नेमकं काय कठीण असतं, ते बघू. ८० मीटरच्या बँडवर पाव तरंगलांबीचा अँटेना हवा तर तो झाला २० मीटर. गाडीवर लावणार तीन मीटर. उरलेली कमतरता भरून काढायला काठीच्या मध्ये तारेचं वेटोळं, म्हणजे लोडिंग कॉइल लावतात. पण त्या वेटोळ्यात आणि गाडीखालच्या जमिनीत बरीच शक्ती उष्णता होऊन जाते. १०० वॉट सोडले तर हवेत जातात दोन-चार वॉट. २० मीटरच्या बँडवर परिस्थिती बरीच सुधारते, कारण तिथे पाव तरंगलांबी फक्त ५ मीटर. वर स्पार्क प्लगची खरखर रिसीव्हरमध्ये घुसते, ती वेगळीच. वीजपुरवठ्याचं दुखणं मात्र १९७० च्या दशकात हलकं झालं, कारण थेट १२ व्होल्टवर चालणारे ट्रान्झिस्टरचे सेट आले.

म्हणजे गाडी कायम कमकुवतच. मग रांग का लागते? इथे दुसरा नियम येतो. अमेरिकेत राज्याराज्यांच्या 'क्यूएसओ पार्टी' नावाच्या स्पर्धा होतात. क्यूएसओ म्हणजे संपर्क. यात त्या राज्याच्या काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे भाग, गोळा करायचे असतात. टेक्सासमध्ये २५४ काउंटी आहेत. अनेक काउंटींमध्ये त्या दिवशी एकही हॅम घरून बोलत नसतो. तिथे कोण पोचणार? गाडीवाला! शिवाय घरच्या स्टेशनशी एका बँडवर एका पद्धतीने एकदाच संपर्क मोजला जातो. गाडीने मात्र काउंटीची हद्द ओलांडली की ती नवं स्टेशन ठरते आणि सगळे तिला पुन्हा बोलावतात.

त्यामुळे खरी स्पर्धा रस्त्यावर होते. कुठल्या काउंटीत किती मिनिटं थांबायचं, कुठला रस्ता दोन तासांत पाच हद्दी कापतो, कुठे टेकडी आडवी येईल, हे सगळं आदल्या आठवड्यात नकाशावर ठरतं. बहुतेक वेळा एक जण गाडी चालवतो आणि दुसरा मांडीला मोर्सची की बांधून, गुडघ्यावर लॅपटॉप ठेवून लॉग लिहितो.

आता एक शंका घ्यायलाच हवी. याने संकटात खरंच मदत होते का? स्पर्धेतला संपर्क काही सेकंदांचा. सिग्नल कसाही असो, सवयीने '५९९' म्हणजे उत्तम असं सांगायचं, काउंटी सांगायची, पुढचा. बेपत्ता माणसाचं नाव, वय, पत्ता अचूक पोचवणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि ते या स्पर्धेत घडत नाही. पण दुसरं बरंच घडतं. बॅटरी किती तास पुरते, कुठली जोडणी खड्ड्यात सैल होते, दहा तासांनी कान थकल्यावर चुका कुठे होतात, हे घरी बसून कळत नाही.

आपल्याकडचं उदाहरण स्पर्धेचं नाही, पण त्याच जातीचं आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरला गेले होते ते हौसेखातर. जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्क हवा होता, कारण तो फार दुर्मिळ. २६ डिसेंबरला भूकंप आणि त्सुनामी आली. हौसेसाठी नेलेलं तेच स्टेशन मग मुख्य भूमीवरच्या लोकांना त्यांच्या माणसांची खबर पोचवू लागलं. तिथे स्टेशन होतं, कारण दुर्मिळ जागेला खेळात भाव होता.

मला यातली ही गोष्ट सर्वात आवडते. ज्या काउंटीत कुणी नाही, तिथे जाण्याला गुण ठेवले, म्हणून कुणीतरी तिथे जातं. उद्या तिथला मोबाइल टॉवर पडला, तर तो रस्ता आणि तिथून लागणारा सिग्नल माहीत असलेला निदान एक माणूस असतो. आपण मोबाइलवर सगळं सोपवलेली पिढी आहोत. तेव्हा हा प्रश्न आपल्यालाही लागू पडतो: नेटवर्क गेल्यावर काय करायचं याचा सराव आपण कुठे करतो?

विचार करा, आणि कुणी हॅम ओळखीचे असतील तर त्यांना हा भाग जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!