एक तार, दोन परवाने

२००९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी तेव्हा प्रतिनियुक्तीवर दिल्लीत होतो. मुंबईच्या उपनगरातून वडिलांचा दूरध्वनी आला. प्रकृतीची, हवापाण्याची चौकशी झाल्यावर ते म्हणाले, "अरे, आता वीज कंपनी बदलता येते म्हणतात. सोसायटीत अर्ज आले आहेत. भरू का?"

वडील निवृत्त शिक्षक. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरवरचा आकडा वहीत टिपून ठेवायचा आणि देयक आले की ताडून पाहायचे, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. महिन्याचा वापर तीनशे युनिटांच्या आसपास. ३०१ व्या युनिटापासून दराचा टप्पा चढतो, म्हणून महिनाअखेरीस घरातले दिवे जरा लवकर मालवले जात. देयके वाढतच होती. त्या वर्षी जूनमध्ये उपनगरांतील दरवाढीवरून मोठा जनक्षोभ झाला होता आणि राज्य शासनाच्या निर्देशानंतर जुलैत आयोगाने त्या वाढीला स्थगिती दिली होती. अशा वेळी ग्राहकाला दुसरा पुरवठादार निवडता यावा, ही बातमी नवलाचीच होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी हे सहज सांगितले. यमुनेपलीकडे पूर्व दिल्लीत राहणारे आमचे एक वैदर्भीय सहकारी म्हणाले, "मग मी कोणता अर्ज भरू?" त्यांच्यासाठी कोणताच अर्ज नव्हता. वीज कायदा दिल्लीला आणि मुंबईला एकच. मग अंधेरीच्या गृहस्थाला जे मिळते ते दिल्लीच्या गृहस्थाला का मिळू नये? हा प्रश्न माझ्या मनात राहिला. त्याचे उत्तर शोधताना मला शंभर वर्षे मागे जावे लागले.

१९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमात परवान्याविषयी एक अट होती. एखाद्या क्षेत्रात एकाला परवाना दिला, म्हणून त्याच क्षेत्रात त्याच कामासाठी दुसऱ्याला परवाना देण्यास बाधा येणार नाही, असा तिचा आशय होता. म्हणजे मक्तेदारी कायद्याने दिलेली नव्हती; ती तारेने निर्माण केली. एका कंपनीने रस्ता खणून तारा टाकल्यावर त्याच रस्त्यावर दुसऱ्याने पुन्हा तेवढाच खर्च करावा, हे व्यवहारात परवडणारे नव्हते. त्यामुळे ग्राहकाचा पर्याय कायद्याच्या पुस्तकात राहिला आणि गल्लीत एकच विक्रेता उरला.

मुंबईत मात्र परिस्थिती थोडी वेगळी होती. शहरात १९०५ साली स्थापन झालेली वीजपुरवठा व ट्रामची कंपनी होती. १९४७ मध्ये ती महापालिकेकडे आली आणि आज आपण तिला 'बेस्ट' म्हणून ओळखतो. उपनगरांत १९२९ पासून बीएसईएस ही कंपनी होती. टाटांनी सह्याद्रीच्या पाण्यावर वीज निर्माण केली. खोपोलीचे केंद्र १९१५ साली सुरू झाले. ही वीज मुख्यतः गिरण्या, रेल्वे आणि अन्य परवानाधारक यांना ठोक स्वरूपात जाई. परंतु टाटांच्या हाती १९०७, १९१९, १९२१ आणि १९५३ या वर्षांचे परवाने होते आणि त्यांचे क्षेत्र इतरांच्या क्षेत्रावर पसरलेले होते. घरगुती ग्राहकाशी या परवान्यांचा काही संबंध येईल, असे कित्येक दशके कोणाला फारसे वाटले नाही.

स्वातंत्र्यानंतर धोरणाची दिशा बदलली. १९४८ च्या विद्युत पुरवठा अधिनियमान्वये राज्य विद्युत मंडळे निर्माण झाली. जेथे कोणतीही कंपनी नफ्यासाठी गेली नसती अशा गावांत त्यांनी खांब रोवले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यासाठी उद्योग व व्यापार यांच्याकडून अधिक दर घ्यायचा आणि शेतकरी व लहान घरगुती ग्राहक यांना कमी दराने वीज द्यायची, अशी रीत रूढ झाली. प्रशासनाच्या भाषेत ही 'क्रॉस सबसिडी'. साध्या भाषेत, एकाच्या देयकातून दुसऱ्याच्या देयकाला लावलेला हातभार. ही रीत एका गृहीतकावर उभी होती. अधिक दर देणारा ग्राहक कुठेही जाऊ शकत नाही, हे ते गृहीतक.

नव्वदच्या दशकात मंडळांचा तोटा असह्य झाला आणि सुधारणा सुरू झाल्या. ओडिशाने १९९६ मध्ये मंडळ विभागले आणि १९९९ मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे दिले. दिल्लीत १ जुलै २००२ रोजी विद्युत बोर्डाच्या जागी तीन वितरण कंपन्या आल्या. पण तिन्हींमध्ये नकाशा वाटून दिलेला होता. यमुनेपलीकडे एक, दक्षिण व पश्चिम भागात दुसरी, उत्तर व वायव्य भागात तिसरी. कंपन्या तीन झाल्या, तरी कोणत्याही एका घराला विक्रेता एकच. पुरवठादार बदलायचा तर घर बदलावे लागे. माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर या नकाशात होते.

२००३ च्या विद्युत अधिनियमाने १९१० ची कल्पना पुन्हा मांडली. एकाच क्षेत्रात एकाहून अधिक वितरकांना परवाना मिळू शकेल, मात्र प्रत्येकाने स्वतःची वितरण यंत्रणा उभारावी, असे त्यात म्हटले आहे. त्याचबरोबर 'खुला प्रवेश' ही नवी संकल्पना आली. वहन आकार आणि लागू असेल तो अधिभार देऊन दुसऱ्याच्या तारेवरून वीज आणण्याची ही मुभा होती.

मुंबईत या दोन्हींची गाठ पडली. जुन्या परवान्यांनुसार टाटांना लहान किरकोळ ग्राहकांनाही वीज विकता येते का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ८ जुलै २००८ रोजी न्यायालयाने 'येते' असा निर्णय दिला. तोवर बीएसईएस रिलायन्सकडे गेली होती. पुढे १५ ऑक्टोबर २००९ रोजी राज्य वीज नियामक आयोगाने आदेश दिला की, ग्राहकाने जुन्याच तारेवर राहून पुरवठादार बदलावा आणि तारेच्या मालकाला वहन आकार मिळावा. १९०७ चा जीर्ण कागद अशा रीतीने शतकानंतर उपनगरातील स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला.

वडिलांनी अर्ज भरला. देयक उतरले. वहीत त्यांनी लाल शाईने फरक लिहून ठेवला होता. आमच्या तळमजल्यावर एक वृद्ध मावशी एकट्या राहत. दोन दिवे आणि एक पंखा एवढाच त्यांचा संसार. त्यांनी अर्ज भरला नाही. "चार रुपयांसाठी कशाला रे धावपळ?" असे त्या म्हणाल्या. त्या उत्तरात पुढचा सगळा पेच होता, हे मला नंतर कळले.

कारण ज्याचे देयक मोठे, त्यालाच बदलाचा लाभ मोठा. असा ग्राहक गेला की त्याच्याकडून मिळणारा हातभारही जातो आणि मागे राहतात ते बहुतांशी मावशींसारखे. सप्टेंबर २०११ मध्ये आयोगाने स्थलांतरित ग्राहकांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. मोठे ग्राहकच निवडून नेले जात असल्याचे आढळल्यावर, ऑगस्ट २०१२ च्या आदेशाने बदलाची मुभा काही काळ महिना तीनशे युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांपुरती सीमित केली. २०१४ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने ती मर्यादा दूर केली. वडिलांच्या वहीतील लाल आकडा या काळात लहान होत गेला. ते एकदा मला म्हणाले, "म्हणजे मी गेलो, पण माझं देणं मागेच राहिलं होतं." अधिभाराची इतकी नेमकी व्याख्या मी कोणत्याही टिपणीत वाचलेली नाही.

त्याच मुंबईत, दादर किंवा गिरगावच्या रहिवाशाला ही वाट मिळाली नाही. बेस्ट ही स्थानिक प्राधिकरणाची यंत्रणा असल्याने तिच्या तारेवरून दुसऱ्याची वीज आणण्याचे बंधन तिच्यावर नाही. टाटांनी स्वतःच्या तारा टाकून वीज द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले. पुन्हा प्रश्न तारेपाशीच येऊन थांबला.

तार आणि विक्री वेगळी करण्याचा प्रस्ताव २०१४ च्या विधेयकात होता, ते बारगळले. एकाच जाळ्यावर अनेक वितरक आणू पाहणारे विधेयक ८ ऑगस्ट २०२२ रोजी लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभेबरोबर संपुष्टात आले. अशी विधेयके पुन्हा येतील. इंग्लंडात राहणाऱ्या वाचकांना याची दुसरी बाजू ठाऊक असेलच. तेथे १९९९ पर्यंत प्रत्येक घराला पुरवठादार निवडण्याची मुभा मिळाली. तरी २०१९ मध्ये दरांवर कमाल मर्यादा घालावी लागली, आणि २०२१-२२ च्या भाववाढीत दोन डझनांहून अधिक पुरवठादार बुडाले. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या पुरवठादाराकडे सोपवण्याची व्यवस्था आधीच ठरलेली होती, म्हणून दिवे चालू राहिले. त्या व्यवस्थेचा खर्च मात्र सर्वांच्या देयकांत विभागला गेला.

मी निवडीच्या विरोधात नाही. मक्तेदाराला ग्राहक जाण्याचे भय असावे, हे हितकारकच आहे. पण नस्तीवर मत नोंदवायची वेळ आली तर मी दोन प्रश्न आधी लिहीन: तार कोणाची, आणि जाणाऱ्याचा भार कोण उचलणार? या दोन्हींची उत्तरे १९१० च्या कायद्याने दिली नव्हती. म्हणून तो अधिकार शंभर वर्षे निजला. २००९ मध्ये पहिले उत्तर मिळाले आणि अधिकार जागा झाला. दुसरे उत्तर उशिरा आले, तुकड्यातुकड्यांनी आले आणि त्याची किंमत वादांत मोजावी लागली.

वडील आता नाहीत. त्यांची वही माझ्याकडे आहे. तिच्यात कंपनीचे नाव एकदा बदललेले दिसते. पण दर महिन्याच्या एक तारखेचा आकडा कधी चुकलेला नाही. दर ठरवणे त्यांच्या हाती नव्हते, युनिट मोजणे होते. मी बदलीच्या ज्या ज्या गावी राहिलो, तेथे तो नेम चालवीत आलो आहे.