पुण्यातील त्वचासंगोपन : एका अधिकाराचा इतिहास

उतारवयातील त्वचेची निगा हा आज सौंदर्योपचाराचा विषय मानला जातो. तथापि पुण्याच्या सामाजिक इतिहासात तो अधिकाराचा प्रश्न होता. तेलाचे अभ्यंग व उटणे हे त्वचासंगोपनाचे घरगुती उपचार होत. परंतु धर्मशास्त्राने विधवेस अभ्यंग व सुगंधी लेपन निषिद्ध ठरविले. केशवपनाची रूढी पाळणाऱ्या कुटुंबांत बालविधवेच्या वाट्यास तारुण्यातच वार्धक्य येई.

१८९० मध्ये पंडिता रमाबाईंचे शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले. तेथील विद्यार्थिनी, बालविधवा गोदूबाई यांच्याशी विधुर धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विवाह केला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन झाला. शिक्षणाबरोबरच स्वतःच्या देहाविषयीच्या आस्थेचा मार्गही येथे खुला झाला. सधवा असो वा विधवा, वृद्ध स्त्रीने निःसंकोच फेशियल करून घेणे, यामागे हा संघर्ष आहे.